चौदा इंजेक्शनं

मंगळवार, १९ जानेवारी १९९९

प्रिय वैजू,

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. लगेच उत्तर लिहिलं असतं तर रागात लिहिलं गेलं असतं, म्हणून चार दिवस जाऊ दिले. राग गेला असं मात्र समजू नकोस. तो आहेच, फक्त आता त्याला ओळीत बसवता येतंय.

आधी इकडची खबर. थंडी अजून हटत नाही. सकाळी सातपुड्याकडून असा वारा येतो की आरोग्य केंद्राच्या पायरीवर पेशंट डॉक्टरांपेक्षा उन्हाची वाट जास्त बघतात. गेल्या आठवड्यात धुळ्याला जाऊन आग्रा रोडवर तुझ्यासाठी दोन साड्या घेतल्या, एक मोरपंखी आणि एक डाळिंबी. तिसरी तू आल्यावर घेऊ, नाहीतर म्हणशील की सगळं आईनंच ठरवलं. बेबाबाई, आमच्या केंद्रातली आया, रोज विचारते, ताई, लग्नात मला कोणतं काम? मी म्हटलं, तू नुसती बस, पंखा घे हातात आणि रुबाब कर.

आज सकाळी एका बाईला बैलगाडीतून आणलं. कापूस वेचताना शेजारच्या शेतातलं कुत्रं पोटरीला चावलं होतं. चार छिद्रं, दोन खोल, दोन उथळ, मधलं कातडं ओढून फाटलेलं. जखम साबणानं धुतली, नाव, गाव, कुत्रं ओळखीचं की अनोळखी, सगळं रजिस्टरला लिहिलं, आणि तिला सांगितलं की बाई, पोटात चौदा इंजेक्शनं, एकही चुकवायचं नाही. नोकरीच्या तेरा वर्षांत असे किती जण आले असतील त्याचा मला हिशेब नाही. गल्लीतली कुत्री, मेंढपाळांची कुत्री, घरची, ताटातलं खाणारी कुत्री. दोन माकडं, एक गाढव. एकदा एका कापसाच्या जिनिंगवरचा अल्सेशियन, बिचारा दिवसभर पत्र्याखाली साखळीला बांधलेला असायचा. पण डॉबरमन चावलेला माणूस माझ्या रजिस्टरला एकही नाही. तसं आयुष्यात मी एकच डॉबरमन जवळून पाहिला आणि तू पण तोच पाहिलास.

कप्तान तुला आठवतो तो नशिराबादचा, माझ्या माहेरी नानांच्या खाटेजवळ पडलेला, तोंडाभोवती पांढरा झालेला. मी सांगतेय ते त्याच्या आधीचं. तू तीन वर्षांची होतीस. तुझे आप्पा बियाण्याच्या कंपनीबरोबर इंदूरला गेले होते, ते येताना खोक्यातून पिलू घेऊन आले. काळंभोर, भुवयांवर तपकिरी ठिपके, शेपूट मुळाजवळ कापलेलं. पारोळ्यात आमच्या गल्लीत असलं कुत्रं कोणी पाहिलेलं नव्हतं. आप्पांनी नाव ठेवलं कॅप्टन. तुझ्या आजीला ते म्हणता येईना, तिनं कप्तान केलं आणि तेच राहिलं. वर्षभरात तो माझ्या कमरेएवढा झाला. आप्पा संध्याकाळी त्याला दुकानावर घेऊन जायचे, पायाशी बसवायचे, आणि खत घ्यायला आलेल्या शेतकऱ्यांना चहा पाजून त्याच्या गोष्टी सांगायचे. म्हणायचे, ह्या जातीचा जबडा एकदा बसला की लोखंडी कांबीनं उचकटावा लागतो. म्हणायचे, तिसऱ्या वर्षानंतर ह्याचा मेंदू वाढत जातो, कवटीत मावत नाही, मग डोकं फिरतं आणि हा पहिल्यांदा मालकालाच फाडतो. असलं जनावर ठेवायला छाती लागते. लोक पाय आखडून बसायचे. ही मेंदूची गोष्ट आप्पांनी कुठं ऐकली कोण जाणे, पण सांगून सांगून सगळ्या पारोळ्याला पाठ झाली होती. पुढं जे झालं त्यात ह्या गोष्टीचा मोठा हात आहे, म्हणून एवढं लिहिलं.

खरा कप्तान कुकरच्या शिट्टीला घाबरायचा. पहिली शिट्टी झाली की खाटेखाली. ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खायचा, शेजारची मांजर त्याच्या थाळीत तोंड घालायची तेव्हा मागं सरून माझ्याकडे बघायचा. तू त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचीस. मी त्याला साधू ठरवत नाहीये. ताकद होती त्याच्यात. तो खरंच चावला असता तर हाड दिसलं असतं, हे आज मी नर्स म्हणून सांगते. पण तो कोणाला चावेल असं आम्ही कोणी त्याला वागवलंच नव्हतं.

आता पुढचं वाच. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा मोठी झाल्यावर सांगेन म्हटलं, आणि तू मोठी झालीस तेव्हा तू विचारणं सोडून दिलं होतंस.

तुझे आप्पा मला मारायचे. रोज नाही. वर्षातून चार-पाच वेळा, पण कधी ते कळायचं नाही. दुकानात काही बिनसलं, भाजीत मीठ जास्त झालं, माझा भाऊ न विचारता भेटायला आला, काहीही. त्यांची एक रीत होती. आधी दार लोटून कडी घालायचे. मग डावा हात माझ्या तोंडावर दाबायचे, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून, आणि उजव्या हातानं मारायचे. बाहेर त्यांचं नाव फार चांगलं होतं, वैजू. वनाभाऊ म्हणजे हसतमुख माणूस, कोणाच्या अडल्या कामाला धावणारा. ते नाव खोटंही नव्हतं. तुझ्यावर त्यांनी कधी हात उचलला नाही, तुझ्यासाठी जळगावहून फ्रॉक आणायचे, तुला खांद्यावर घेऊन बाजारात मिरवायचे. पण त्या डाव्या हाताला युरियाचा वास यायचा. मार अंगाला सवयीचा होत गेला. तो तोंडावरचा हात कधी सवयीचा झाला नाही. श्वास कोंडायचा आणि वाटायचं, मी मेले तरी ओरडता न येता मरेन.

चौऱ्याऐंशी सालचा चैत्र. दुपारचे दीड-दोन वाजले असतील, गल्ली उन्हानं ओस. तुझी आजी तुला घेऊन शेजारी कुरडया करायला गेली होती. मी दहावी झालेली आहे हे घरात सगळे विसरले होते, मी सोडून. मी जीवराममामाच्या हातून धुळ्याला नर्सिंगच्या शिक्षणाचा अर्ज पाठवला होता. मुलाखतीचं पत्र आलं, आणि पोस्टमननं ते घरी न देता दुकानात दिलं. आप्पा ते पत्र हातात घेऊनच घरी आले. कडी घातली. पत्राचे चार तुकडे केले आणि मग हात माझ्या तोंडावर आला. कप्तान खाटेखाली होता. सगळ्यांना वाटतं, तुलाही वाटत असेल, की कुत्र्यानं मला सोडवायला झेप घेतली. तसं काही झालं नाही. तो भिंतीला चिकटून थरथरत होता आणि त्यानं तिथंच लघवी केली. त्या दिवशी त्यांच्या अंगठ्याखालचा मांसल भाग माझ्या दातांत आला. मी ठरवून चावले असं म्हणत नाही. पण दात लागल्यावर सोडलं नाही, ते मात्र ठरवून. ते दुसऱ्या हातानं मारत राहिले, मी सोडलं नाही. मग मारणं थांबलं आणि ते ओरडले. सात वर्षांत त्या घरातून पहिल्यांदा ओरडण्याचा आवाज बाहेर गेला, आणि तो त्यांचा होता.

कडी त्यांनीच काढली. पहिली आत आली तुझी आजी, भिकुबाई. दोन्ही हात कुरडयांच्या चिकानं भरलेले. तिनं मुलाचा हात बघितला. वरखाली दोन चंद्रकोरी, दात न् दात मोजून घ्यावा अशा. तिनं माझं तोंड बघितलं, हनुवटीवर रक्त होतं. मग खाटेखाली बघितलं. माझ्या सासूला अक्षर येत नव्हतं, पण तिच्याएवढं भरभर चालणारं डोकं मी अजून बघितलेलं नाही. दारात चार बायका जमल्या होत्या. त्यांच्याकडे वळून ती मोठ्यानं म्हणाली, "कुत्रं चावनं व माय! वनाले कुत्रं चावनं!" आणि पदरानं माझं तोंड पुसून टाकलं. आप्पांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, हो. कुत्रा. तिनं जखमेवर हळद दाबली आणि पट्टी बांधली, आणि ती पट्टी पुढं पंधरा दिवस तिच्याशिवाय कोणी सोडली नाही, दवाखान्यातही आप्पांनी सोडू दिली नाही. त्या दिवशी तिनं कोणाला वाचवलं, मुलाला की मला, हे मला आजही ठरवता येत नाही. मीही गप्प बसले. मला वाटलं, बरं झालं, निभावलं.

पण कुत्रा चावला म्हटल्यावर सरकारी दवाखाना आला, आणि दवाखाना आला की चौदा इंजेक्शनं. ती लस म्हणजे भली मोठी सिरिंज, रोज पोटाच्या कातडीखाली, एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या पोटावर लिंबाएवढ्या गाठी आल्या. वाकता येईना, कुशीवर झोपता येईना. मी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायचे. चौथ्या दिवशी दया येऊन मी म्हणाले, अहो, डॉक्टरांना सांगून टाका ना खरं, तुम्हाला हे लागत नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी पुन्हा म्हणाले. सहाव्या दिवशी म्हणायचं सोडलं. नवव्या दिवशी ते पोट धरून, पाय फाकवून गल्लीतून चालत येताना दिसले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पदराचा बोळा तोंडात घालून हसले. हसता हसता मला एकदम कळलं की हा माणूस चौदाच्या चौदा घेईल. बायको चावली हे सांगण्यापेक्षा तो चाळीस घेईल. डॉबरमन चावला ह्यात त्याची मान ताठ राहत होती. दुकानात लोक जखम कशी झाली ते ऐकायला यायचे आणि तो सांगायचा, कसा झेपावला, कसा जबडा मिटला, मी कसा उचकटला. रोज गोष्ट थोडी वाढायची. त्या गोष्टीत मी कुठंच नव्हते.

आणि कप्तान अंगणात बांधलेला. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. मेलं तर पिसाळलेलं, जगलं तर नाही. गुरांचे डॉक्टर हिलालभाऊ रोज येता-जाता बघून जायचे. तो खायचा, पाणी प्यायचा, शिट्टी झाली की साखळी ताणून खाटेखाली यायला बघायचा. पण गल्लीतली पोरं लांबून दगड मारायला लागली आणि बायका दारावरून जाताना पोरांचे हात घट्ट धरायला लागल्या. मेंदू वाढला बरं का, असं म्हणायच्या. त्याच बायका आठवड्यापूर्वी त्याला उरलेली भाकरी घालायच्या.

चौदावं इंजेक्शन झालं त्या सकाळी आप्पांचे काका, लोटन आबा, अंगणात आले. बरोबर गल्लीतले आठ-दहा पुरुष. आबांच्या हातात पुरणाची पोळी होती, तिच्यात कुचल्याचं विष घातलेलं. हिलालभाऊंनाही बोलावलं होतं, रीतसर वाटावं म्हणून. हिलालभाऊ म्हणाले, कुत्रं पिसाळलेलं नाही, मी लिहून देतो, मारायचं कारण नाही. लोटन आबा म्हणाले, "आज नाही तर उद्या. ही जातच मालकाला फाडणारी. आपला वनाच दोन वर्षं सांगत होता ना?" सगळ्यांनी माना हलवल्या. हे बोलताना आबा कप्तानकडे बघत होते की दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे, ते मला कळलं नाही. त्यांनी पोळी मोडली. कप्ताननं कापलेल्या शेपटाचं खुंट हलवलं. आबांच्या हातचं त्यानं आधीही खाल्लेलं होतं.

मी डोक्यावरचा पदर सारखा करून अंगणात उतरले आणि आबांच्या हातातून पोळी घेतली. सासऱ्यासमान माणसाच्या हातातून सून काही हिसकावून घेते असं त्या गल्लीनं बघितलं नव्हतं. मी म्हणाले, "आबा, कुत्रा चावला नाही. मी चावले." मग कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. लोटन आबा म्हणाले, पोरीचा जीव लागलाय जनावरावर, काहीही बोलते. मी पुन्हा म्हणाले. आधी हळू म्हणाले होते, आता गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं म्हणाले. ते मला मारत होते, त्यांचा हात माझ्या तोंडावर होता, मी चावले, पट्टी सोडा आणि बघा. हिलालभाऊ पुढं झाले. "वनाभाऊ, सोडा पट्टी. दात कोणाचा ते मी दोन मिनिटांत सांगतो." तुझ्या आप्पांनी हात पाठीमागं नेला. वैजू, तेवढंच पुरेसं होतं. एखाद्या आंधळ्यालाही कळलं असतं. पण लोटन आबा म्हणाले, डॉक्टर, तुम्ही गुरं बघा. आणि विषय संपला. मी सासूला म्हणाले, अक्का, तुम्ही पाहिलंय, तुम्ही सांगा. ती ओट्यावर बसून सूप पाखडत होती. सुपात काही नव्हतं.

मग तुझे आप्पा बोलले. म्हणाले, कुत्रं ह्या घरात राहणार नाही, आणि बोललेलं मागं घेतल्याशिवाय ही पण राहणार नाही. मला ते फार सोपं करून दिल्यासारखं वाटलं. मी पोळी चुलीत टाकली. तुला शेजारून आणलं. दोन लुगडी, तुझे कपडे आणि त्या पत्राचे चार तुकडे पिशवीत घातले, कप्तानची साखळी सोडली आणि निघाले. लोक म्हणतात मंदानं कुत्र्यापायी संसार मोडला. म्हणू देत. कुत्रा मेला असता, मी गप्प राहिले असते, तर तो हात पुन्हा माझ्या तोंडावर आला असता आणि मला कायमचं कळलं असतं की मी चावले तरी ते दुसऱ्याच्याच नावावर जाणार.

एसटीच्या कंडक्टरनं कुत्र्याला घेतलं नाही, त्याचंही चुकलं नाही. आपण एरंडोलच्या रस्त्याला चालायला लागलो. तुझे पाय दुखले तेव्हा मी तुला कडेवर घेतलं, तू साखळी धरलीस. तासाभरानं एक रिकामा ट्रक थांबला. ड्रायव्हर इंदूरकडचा होता. त्यानं कप्तानला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "काटता है क्या?" मी म्हणाले, "ये नहीं काटता. मैं काटती हूँ." तो इतका हसला की त्याला खाली उतरावं लागलं. मागं रिकाम्या पोत्यांवर आपण तिघं बसलो. चौदा दिवसांत मी पहिल्यांदा मोठ्यानं, तोंडावर काही न धरता हसले. तू झोपली होतीस.

नशिराबादला नाना ओट्यावर होते. त्यांनी मला बघितलं, तुला बघितलं, कप्तानला बघितलं आणि एवढंच विचारलं, "भाकरी खातो ना?" दुसऱ्या आठवड्यात जीवराम मला धुळ्याला घेऊन गेला. मुलाखत घेणाऱ्या बाईंपुढं मी पत्राचे तुकडे जुळवून ठेवले. त्यांनी चिकटवायला खळ मागवली. पुढचं तुला माहीत आहे. मी शिकले, नोकरीला लागले, तू नानांकडे वाढलीस, आणि कप्तान सात वर्षं तिथल्या पोरांचं घोडं झाला. एकदा त्यानं टपालवाल्याचं धोतर धरलं होतं, तेही सांगते, उगीच लपवत नाही. दात लागला नव्हता.

तू मे महिन्यात पारोळ्याला जायचीस. मी कधी अडवलं नाही. तुला बाप हवा होता आणि तुझ्यापुरता तो माणूस चांगला होता. एका सुट्टीत तुला कोणीतरी चावरीची पोर म्हटलं. परत आल्यावर तू मला विचारलंस, चावरी म्हणजे काय? मी म्हणाले, त्यांना कप्तानबद्दल म्हणायचं असेल. वैजू, आयुष्यात मी एकदाच कप्तानवर ढकललं, ते तुझ्यापुढं. त्याची मला लाज वाटते. चावल्याची नाही वाटत.

परवा रविवारी मी शिरपूरला जाऊन आले, तुला न सांगता. हेमराजच्या आईला, लिलाबाईंना भेटले. घरात त्या एकट्याच होत्या, मेथी निवडत बसल्या होत्या. मीही समोर बसून जुडी ओढली आणि तुला वर लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं, कडीपासून ट्रकपर्यंत. म्हटलं, तुमच्या घरी सून येणार आहे, तिची आई कोण हे तुम्हाला बाहेरून कळू नये. त्या मेथी निवडत राहिल्या. शेवटी एकच विचारलं, "मंग हात सोडा का त्यानी?" मी म्हणाले, सोडला. त्या मान डोलावत म्हणाल्या, "बेस करं." मग मी विचारलं, तुमच्या घरी काय रीत आहे? त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि डावा हात पुढं केला. कोपरात तो सरळ होत नाही. म्हणाल्या, हेमराजच्या बापानं केलं, तो जाऊन बारा वर्षं झाली. "हेमराजनी बठ्ठं देखेल शे." त्यानं जे सगळं पाहिलं त्याचं त्यानं काय केलं, हे मी त्यांना विचारलं नाही. ते तू विचार. सुपारी फुटायच्या आधी विचार, तोंडावर विचार, माझ्यामार्फत नको, चिठ्ठीत नको. लिलाबाई मला आवडल्या. त्यांच्यामुळं तू त्या घरात जावंस असं मात्र मी म्हणणार नाही.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहिलंस की आप्पा लग्नाला यायला तयार आहेत, माझ्याशेजारी पाटावर बसून कन्यादान करायला तयार आहेत, फक्त सुपारीच्या दिवशी दोन्हीकडच्या मोठ्या माणसांसमोर मी एवढं म्हणायचं की तेव्हा मी खोटं बोलले, कुत्राच चावला होता. आणि तू लिहिलंस, आई, पंधरा वर्षं झाली, कप्तान मेला, एक वाक्य म्हणून टाक ना, तुझं काय जातं? हे पत्र त्याचंच उत्तर आहे. माझं काय जातं ते वर सगळं लिहिलंय, एकदा वाचून कळलं नाही तर दोनदा वाच. मी जीवरामच्या हाती तुझ्या आप्पांना निरोप पाठवलाय: या, मांडवात मानानं बसा, लेकीला आशीर्वाद द्या, जेवा, मी तुमच्याविरुद्ध एक शब्द काढणार नाही. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. ते आले नाहीत तर तुला वाईट वाटेल, तुझं वाईट वाटणं मला दिसेल, आणि तरीही निघणार नाही. कन्यादानाला मी एकटी बसेन. ते चालत नाही असं भटजी म्हणाले तर ते राहू दे, तू काही माझी दान द्यायची वस्तू नाहीस. सुपारीच्या दिवशी मी शिरपूरला येईन, चांगली साडी नेसून पुढच्या ओळीत बसेन. कोणी विचारलं तर सांगेन, मी चावले. कोणी नाही विचारलं तर जेवून परत येईन.

तुझीच, जशी आहे तशी,
आई